थारची साऊंड सिस्टीम: १००० वॅटचा डबा घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. गाडी २०२१ ची तीन दारांची थार, हार्डटॉप, डिझेल. मड-टेरेन टायर टाकल्यापासून ताशी ८० च्या पुढे गाणं ऐकू येत नाही आणि व्हॉल्यूम वाढवला की आवाज चिरका होतो. ॲक्सेसरीवाला १००० वॅटची बेसट्यूब (नळीच्या डब्यातला बेसचा स्पीकर) आणि ॲम्प्लिफायर बसवायला सांगतोय. पावसाळ्यात ओढे-नाले आहेत, कोकणात खाऱ्या हवेत वर्षातून तीन-चार फेऱ्या आहेत, बजेट ५० हजार. काय करावं?

बेसट्यूब तूर्त राहू द्या. तुमची तक्रार बेस कमी असल्याची नाहीच. गाण्यातले शब्द टायरच्या गुणगुणीखाली बुडताहेत, ही खरी तक्रार आहे. शिवाय या गाडीत बसवलेली सिस्टीम सहसा वॅट कमी पडले म्हणून मरत नाही. ती मरते पाण्याने, धुळीने, हादऱ्याने आणि कच्च्या अर्थिंगने. म्हणून खाली स्पीकरबद्दल जेवढं आहे, तेवढंच वायर, बोल्ट आणि रबर यांच्याबद्दल आहे.

आधी गोंगाट समजून घ्या. थारच्या वरच्या मॉडेलचा २५५/६५ आर१८ टायर एका फेऱ्यात साधारण २.४८ मीटर जातो. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. टायरच्या परिघावर समजा ४० गुटके असतील, तर रस्त्यावर सेकंदाला ३६० टपल्या बसतात. ही ३६० हर्ट्झची गुणगुण बरोबर तिथे येते जिथे गायकाच्या आवाजाचा गाभा असतो. त्यावर बेसट्यूबचे ५० हर्ट्झ ओतून शब्द वर येणार नाहीत. मध्यम पट्टीत, साधारण ३०० ते ३००० हर्ट्झमध्ये, न फाटता मोठा आवाज देणारे स्पीकर लागतात. आणि आत येणारा गोंगाट चार-पाच डेसिबलने जरी उतरला, तरी त्या पट्टीत ॲम्प्लिफायरची ताकद अडीच-तीनपट केल्याइतका फरक पडतो. हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि सगळ्यात शेवटी आठवतं.

दारापासून सुरुवात करा. कागदाची पट्टी दाराचं रबर आणि चौकट यांच्यामध्ये धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज सुटली तर तिथून वारा शिरतो आहे. दर १५ सेंटीमीटरवर ही परीक्षा करत पूर्ण चौकट फिरा. मागच्या दारालाही करा. सैल जागी मूळ रबराच्या आतल्या बाजूने पोकळ, डी आकाराची चिकटपट्टी लावा. ती फार जाड घेतलीत तर दार दोनदा आपटावं लागेल आणि बिजागरी कुरकुरायला लागतील, हे ध्यानात ठेवा.

मग दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून २ मिलिमीटरची ब्युटाइल डॅम्पिंग शीट. पूर्ण पत्रा मढवायची गरज नसते. मोकळ्या पत्र्याच्या मधोमध २५ ते ३० टक्के भाग झाकला की पत्र्याचा टणकारा बसतो. बोटाने टकटक करून बघा: आधी डब्यासारखा आवाज येईल, नंतर लाकडासारखा. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि शीट रोलरने दाबा, नुसत्या हाताने नाही. खाली हवा राहिली की पहिल्या उन्हाळ्यात कोपरे सुटतात. स्वस्तातली डांबरी शीट घेऊ नका. मे महिन्यात विदर्भात उभ्या गाडीत ती वितळून दाराच्या तळाशी ओघळते. आणि दाराच्या खालच्या कडेची पाणी जाण्याची भोकं बुजवू नका. काचेवरून उतरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं, ती बंद झाली की दार आतून गंजतं.

फरशीवर गालिचा किंवा साधा स्पंज अंथरू नका. या गाडीची फरशी धुता यावी म्हणून तिला खाली ड्रेन प्लग दिलेले आहेत. त्यावर पाणी शोषणारा थर टाकलात तर तो जूनमध्ये भिजेल आणि दिवाळीलाच वाळेल. काही घालायचंच असेल तर बंद पेशींचा फोम, तोही काढता येईल असा.

आता स्पीकर. तीन दारांच्या थारमध्ये मुख्य स्पीकर छताला आहेत आणि पुढे ट्विटर, म्हणजे वरच्या सुरांचे छोटे स्पीकर, आहेत. त्यावर बरीच टीका होते, पण पाणी आणि चिखल खालून येतात, त्यामुळे छत ही कोरडी जागा आहे. तोटा असा की आवाज डोक्यावरून येतो आणि प्लास्टिकच्या त्या खोक्यात बेससाठी पुरेशी हवाच नाही. (हे सगळं तीन दारांच्या गाडीबद्दल. २०२४ ची पाच दारांची रॉक्स वेगळी आहे. तिला बाजूचे पडदा-एअरबॅग आहेत, त्यामुळे खांबाच्या आणि छताच्या कडेच्या ट्रिममधून वायर ओढण्याआधी एअरबॅग कुठून उघडते ते कळल्याशिवाय हात घालू नये.)

स्पीकर विकत घेण्याआधी छताचं एक खोकं उघडून तीन मापं घ्या: भोकाचा व्यास, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि मागची खोली. फसवते ती खोली. पेटीवर लिहिलेल्या माउंटिंग डेप्थमधून तुमच्या ॲडॉप्टर रिंगची जाडी वजा करून चालते, पण जाळीच्या बाजूला कोन बाहेर यायला किमान ५ मिलिमीटर मोकळे ठेवावे लागतात. जागा कमी असेल तर स्लिम जातीचे, निओडिमियम चुंबकाचे स्पीकर बघा. ते महाग पडतात, पण छताला त्यांचा खरा फायदा वजनाचा आहे. जड फेराइट चुंबक चार बारीक स्क्रूंवर लटकून दगडगोट्यांच्या वाटेवर दिवसभर हादरे खातं, आणि आधी तुटतं ते प्लास्टिकचं खोकं.

पेटीवरच्या ‘३०० वॅट पीक’कडे बघू नका. दोन आकडे बघा, आरएमएस वॅट (सतत पेलवणारी ताकद) आणि सेन्सिटिव्हिटी (ठराविक वॅटला मिळणारा आवाज). सेन्सिटिव्हिटी ३ डेसिबलने जास्त असेल तर तोच आवाज निम्म्या वॅटमध्ये मिळतो. ८८ डेसिबलच्या स्पीकरला जिथे ५० वॅट लागतात, तिथे ९२ डेसिबलच्या स्पीकरला २० वॅट पुरतात. यात एक चलाखी चालते. काही कंपन्या हा आकडा १ वॅटवर न देता २.८३ व्होल्टवर देतात. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे १ नव्हे, २ वॅट. म्हणजे तो आकडा ३ डेसिबलने फुगलेला असतो. तुलना करताना तेवढे वजा करा.

कोन पॉलिप्रॉपिलिनचा आणि कडेचं वेटोळं रबराचं हवं. साधा कागदी कोन दमट हवेत मऊ पडतो आणि फोमचं वेटोळं काही वर्षांत भुगा होऊन गळतं. तुमचा कोकणाचा फेरा असल्यामुळे मरीन जातीचे, म्हणजे बोटीसाठी बनवलेले स्पीकर घेणं शहाणपणाचं. त्यांचे टर्मिनल आणि जाळीचे स्क्रू खारी हवा सोसतात आणि कोन उन्हाने पिवळा पडत नाही. त्याच आकाराच्या साध्या स्पीकरपेक्षा पैसे जास्त पडतात, पण बदलायला पुन्हा छत उघडावं लागत नाही. रत्नागिरीकडच्या किनाऱ्यांवर काळी वाळू दिसते, तिच्यात इल्मेनाइटसोबत मॅग्नेटाइटही असतं. हे कण चुंबकाला चिकटतात. व्हॉइस कॉइलच्या फटीत एकदा गेले की स्पीकर खरखरतो आणि ते काढता येत नाहीत. म्हणून किनाऱ्यावर स्पीकर उघडे ठेवून काम करू नका आणि जाळीच्या आत बारीक विणीचं, आवाज अडवणार नाही असं कापड लावा.

बसवताना रिंग एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) करू नका. ओल लागली की ती फुगते आणि स्क्रू धरत नाही. एचडीपीई किंवा ॲक्रिलिकची रिंग कापून घ्या. स्पीकर आणि रिंग यांच्यामध्ये, तसंच रिंग आणि खोकं यांच्यामध्ये बंद पेशींची फोम टेप गोल फिरवा. ही टेप हादऱ्यासाठी असते असं समजतात, पण तिचं मुख्य काम वेगळं आहे. कोनच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींत मिसळली की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. फट राहिली तर महागडा स्पीकरही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. खोक्याच्या आत थोडा पॉलिएस्टरचा कापूस सैल भरा. प्लास्टिक जिथे प्लास्टिकला घासतं तिथे कापडी टेप, आणि स्क्रू एसएस ३०४ चे.

ट्विटर डॅशबोर्डवर राहू द्या. नवे लावणार असाल तर आवाज काचेवर आपटून येऊ नये म्हणून तोंड थोडं आतल्या बाजूला, पलीकडच्या सीटवरच्या माणसाच्या डोक्याच्या दिशेने वळवा. त्यांचा क्रॉसओव्हर (सूर वाटून देणारं छोटं सर्किट) डॅशच्या आत वरच्या बाजूला बांधा, पायाशी नको.

दारात भोक पाडून साडेसहा इंची स्पीकर बसवा असंही कोणी सांगेल. पत्रा कापू नका. दाराच्या ट्रिमवर बोल्टने बसणारे पॉड मिळतात, ते एक वेळ चालतील, पण मग मागून पाणी येणार हे धरून चाला आणि वायर दाराच्या रबरी नळीतूनच न्या. रोल केजला स्पीकर लावायचा तर रबर लावलेला क्लॅम्प वापरा. रोल केजला भोक पाडणं किंवा वेल्डिंग करणं कुठल्याही कारणाने नको, गाडी उलटली तर जीव त्यावर आहे. आणि पॉड डोक्याच्या वाटेत येत नाही ना, हे सीटबेल्ट लावून, मान झटकून बघा.

हेड युनिट, म्हणजे डॅशमधली गाण्यांची स्क्रीन, बदलावं का? माझं मत, नको. कंपनीच्या स्क्रीनवर ॲडव्हेंचर स्टॅटिस्टिक्स दिसतात, स्टिअरिंगची बटणं चालतात आणि ती पाणी-धूळ सोसेल अशी बनवलेली आहे. कमजोरी तिच्या आतल्या ॲम्प्लिफायरची आहे. कुठल्याही हेड युनिटवर ‘४ × ५० वॅट’ लिहिलेलं असलं तरी न फाटता मिळतात चॅनेलला १५ ते २० वॅट. तुमचा चिरका आवाज म्हणजे ते १५-२० वॅट संपल्याची खूण आहे. आधी नुसते जास्त सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर लावून महिनाभर ऐका. कित्येकांचं तेवढ्यावर भागतं.

भागलं नाही तर पाच चॅनेलचा एक क्लास-डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या जातीचा) ॲम्प्लिफायर घ्या: चार चॅनेल प्रत्येकी ७५ वॅट आरएमएस आणि पाचवा सबसाठी (सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) २५० वॅटच्या आसपास. दोन वेगळे घेण्यापेक्षा एकच बरा. एक अर्थ, एक फ्यूज, एकच जागा कोरडी ठेवायची. कंपनीच्या स्क्रीनमधून स्पीकरच्या वायरीच त्याच्या हाय-लेव्हल इनपुटला (स्पीकरच्या वायरीतला सिग्नल घेणाऱ्या तोंडाला) द्या. स्क्रीनच्या मागचं वायरिंग कापू नका, मधे लागणारं कपलर-टू-कपलर हार्नेस घ्या, म्हणजे वॉरंटीचा वाद उभा राहत नाही आणि गाडी विकताना सगळं काढता येतं. एक चूक इथे हमखास होते: स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला अर्थ करतात. हेड युनिटच्या दोन्ही स्पीकर-वायरींवर अर्थच्या तुलनेत साधारण ६ ते ७ व्होल्ट असतात. त्यातली एक बॉडीला टेकली की आतली चिप जाते.

आता पॉवर वायरचं गणित. एकूण ५५० वॅट, क्लास-डीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीतून ६९० वॅट, १३.८ व्होल्टला ५० ॲम्पियर. बॅटरीपासून मागच्या बाजूला साडेचार मीटर तांब्याची १६ स्क्वेअर मिलिमीटर वायर नेली तर पाव व्होल्ट पडतो, चालेल. फ्यूज ६० ॲम्पियरचा, बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटीमीटरच्या आत, पाणी न शिरणाऱ्या होल्डरमध्ये. फ्यूज ॲम्प्लिफायरजवळ लावून भागत नाही. तो वायर वाचवण्यासाठी असतो. बोनेटमध्ये वायर घासून उघडी पडली तर मागच्या फ्यूजला पत्ताही लागत नाही.

वायर तांब्याचीच आहे का ते बघा. ‘४ गेज’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच ॲम्प्लिफायर-किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं आणि वरचं प्लास्टिक जाड करून वायर जाडजूड दाखवलेली असते. एक तार काढून ब्लेडने खरवडा, आतून चंदेरी निघाली तर परत करा. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो, पण त्याहून वाईट म्हणजे खाऱ्या ओलीत ती थिंबलच्या (वायरच्या टोकाला चेपून बसवलेल्या धातूच्या टोपीच्या) आत पांढरी भुकटी होते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मुंबईत लोहार चाळीत किंवा पुण्यात कुठल्याही चांगल्या इलेक्ट्रिकल दुकानात मीटरवर चांगली मल्टिस्ट्रँड तांब्याची केबल मिळते. कोकणासाठी टिन केलेली मिळाली तर उत्तमच.

वायर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) मूळ वायरिंगच्या रबरी ग्रोमेटमधूनच, म्हणजे भोकाला बसवलेल्या रबरी कड्यातूनच, काढा. नवं भोक पाडावंच लागलं तर कडेला रंग लावून वेगळं ग्रोमेट बसवा. पूर्ण लांबीला कोरुगेटेड पाईप घाला आणि दर १५ सेंटीमीटरवर टाय मारा. पावसाळ्यात गाडी उभी राहते तिथे उंदीर असतील तर हा पाईप तसाही लागतो. सिग्नलच्या वायरी पॉवर वायरच्या विरुद्ध बाजूने न्या. एकमेकींना छेदावंच लागलं तर काटकोनात.

जोड सोल्डर करू नका. ऐकायला उलटं वाटतं. पण सोल्डर तारांत वर चढतं आणि जिथे थांबतं तिथे वायर ताठ होते. दगडगोट्यांत हादरे खाऊन ती नेमकी त्याच रेषेवर तुटते. योग्य मापाचं थिंबल, हायड्रॉलिक किंवा रॅचेट क्रिंपर, आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक. पक्कडीने चेपलेलं थिंबल हे क्रिंप नव्हे. ओढून बघा, हलता कामा नये.

सगळ्यात जास्त भांडणं ज्यावरून होतात ते अर्थिंग आता जरा बारकाईने बघू. थारची बॉडी वेगळी आणि चॅसी वेगळी, मध्ये रबरी माउंट. म्हणजे ॲम्प्लिफायरचा अर्थ चॅसीला आणि स्क्रीनचा बॉडीला असं झालं की दोघांमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक राहतो आणि तोच स्पीकरमधून शिट्टी होऊन ऐकू येतो. सगळे अर्थ बॉडीला घ्या. ॲम्प्लिफायरपासून ४५ सेंटीमीटरच्या आत जाड पत्र्याची जागा निवडा. एका नाण्याएवढा भाग घासून रंग पूर्ण काढा, पत्रा चकचकीत दिसला पाहिजे. एम८ बोल्ट, दातेरी वॉशर, थिंबल, वॉशर, नायलॉक नट, घट्ट. त्यानंतर वरून गंजरोधक रंग किंवा ग्रीस. आधी नाही, नाहीतर रंगच मधे बसतो. सीटबेल्टचा बोल्ट आयता दिसतो म्हणून त्यावर थिंबल चढवू नका. तो ठराविक ताकदीने आवळलेला असतो आणि त्याच्याखाली नरम तांबं असलं तर तो पुढे सैल पडतो. शेवटी बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणखी एक १६ स्क्वेअर मिलिमीटरची केबल द्या. मायनसच्या टोकावर सेन्सर असेल तर बॅटरीच्या खुंटीवर नव्हे, सेन्सरच्या बॉडीकडच्या बाजूला जोडा, म्हणजे त्याला विजेचा खरा हिशेब दिसतो.

झालेलं काम ओहममध्ये मोजू नका, साधं मल्टीमीटर इतका कमी रोध दाखवूच शकत नाही. इंजिन चालू, गाणं मोठ्या आवाजात, मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं ॲम्प्लिफायरच्या ग्राउंड टर्मिनलला. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर छान, ०.२ च्या वर गेलं तर कुठेतरी रंग किंवा सैल थिंबल आहे.

तरीही इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर लगेच ‘नॉइज फिल्टर’ विकत घेऊ नका. आधी ॲम्प्लिफायरचे सिग्नल इनपुट काढा. शिट्टी गेली तर दोष स्क्रीनच्या बाजूला किंवा केबलच्या मार्गात. राहिली तर पॉवर किंवा अर्थमध्ये. एफएमवर खरखर फक्त लाइटबार लावल्यावर येत असेल तर साऊंडवाल्याला फोन करू नका. तो स्वस्त एलईडी ड्रायव्हरचा उद्योग आहे.

ॲम्प्लिफायर सीटखाली नको. सगळे तिथेच लावतात कारण सोपं जातं. महिंद्राने या गाडीची पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर दिलेली आहे. तेवढ्या पाण्यात दाराच्या रबरातून आत पाझर येतो आणि सीटखालचा भाग आधी भिजतो. मागच्या चाकाच्या कमानीच्या वर, बाजूच्या भिंतीवर ब्रॅकेट करून लावा. फिन उभ्या राहतील असा, म्हणजे गरम हवा वर जाते. टर्मिनल वर तोंड करून नकोत, आणि प्रत्येक वायर टर्मिनलच्या खाली थोडी लोंबती ठेवून मग वर घ्या. वायरवरून ओघळलेलं पाणी त्या वळणावर टपकतं, आत जात नाही. सीलबंद डब्यात कोंडू नका, उन्हाळ्यात तापून बंद पडेल.

सब हवाच असेल तर आता बोलू. तुमचं हार्डटॉप आहे, हे तुमच्या फायद्याचं. छोट्या बंद केबिनमध्ये ६०-७० हर्ट्झच्या खाली बेस आपोआप वाढतो, म्हणून १० इंची एक सब बंद डब्यात भरपूर होतो. कापडी छताच्या थारमध्ये छत उघडलं की हा फायदा उडून जातो. तिथे लोक वॅट वाढवत राहतात आणि समाधान होत नाही ते यामुळेच. डबा १७ ते २० लिटर, बंद जातीचा. भोकाचा, म्हणजे पोर्टेड डबा थोड्या वॅटमध्ये जास्त वाजतो, पण तो मोठा होतो आणि पोर्टमधून चिखल-पाणी आत जायला वाट मिळते. प्लाय आयएस ७१० चा, १८ मिलिमीटर. साधा आयएस ३०३ चा कमर्शियल प्लाय दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतो. कडा रेझिनने बंद करा, सब स्क्रूने न लावता आतून टी-नट घालून एम५ बोल्टने लावा. आणि डबा गाडीला एम८ बोल्टने, मागे मोठ्या चौकोनी वॉशरसह बांधा. वेल्क्रो किंवा पट्टा नव्हे. १५ किलोचा डबा तीव्र उतारावर किंवा धडकेत थेट मागच्या माणसाच्या पाठीत येतो. मागची सीट वापरात असेल आणि एवढी जागा नसेल तर आठ इंची अंडरसीट ॲक्टिव्ह सब (आतच ॲम्प्लिफायर असलेले) मिळतात. पण नावाप्रमाणे सीटखालीच ठेवलात तर वरचा पाण्याचा मुद्दा पुन्हा वाचा.

ट्यूनिंगला बसाल तेव्हा सगळे इक्वलायझर सपाट, बेस बूस्ट शून्य. छताच्या स्पीकरला हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) १०० ते १२० हर्ट्झ, १२ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह. सबला लो-पास (त्यावरचे सूर अडवणारा) ८० ते १००. छोट्या स्पीकरकडून खालचे सूर काढून घेतले की तेच स्पीकर जास्त मोठे आणि स्वच्छ वाजतात, आणि फरक ऐकताक्षणी कळतो. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, आलेला सिग्नल ॲम्प्लिफायरने किती वाढवायचा त्याचं माप, हे दुकानदारालाही सांगायची वेळ येते. स्पीकरच्या वायरी काढा, स्क्रीनचा व्हॉल्यूम तीन-चतुर्थांशवर ठेवा, ४०० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा टोन वाजवा आणि ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर मीटर एसी व्होल्टला लावा. ७५ वॅट, ४ ओहमला १७.३ व्होल्ट येईपर्यंत गेन फिरवा. सबसाठी टोन ५० हर्ट्झ: २५० वॅटला ४ ओहमवर ३१.६ व्होल्ट, २ ओहमवर २२.४. (वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ.) ४०० च का, तर स्वस्त मीटर त्याच्या वर चुकीचं दाखवतात. यानंतर कानाने गेन कमी करायला हरकत नाही, वाढवायला आहे.

स्पीकर जोडताना प्लस-मायनस दीड व्होल्टच्या सेलने तपासा. सेल क्षणभर टेकवल्यावर कोन बाहेर आला पाहिजे. एकच स्पीकर उलटा जोडला गेला की बेस पातळ होतो आणि माणूस नवा सब घ्यायला निघतो. ॲम्प्लिफायरमध्ये डिले असेल तर उजव्या, जवळच्या स्पीकरला उशीर द्या: दर ३४ सेंटीमीटरच्या फरकाला १ मिलिसेकंद. आवाज डोक्यावरून उतरून समोर यायला याचीच मदत होते.

विजेचा हिशेब ऑफ-रोडला वेगळा असतो. लो-रेंजमध्ये इंजिन आयडलवर, फॅन चालू, लाइटबार चालू, अल्टरनेटर मात्र मंद. आयडलला सगळं चालू असताना बॅटरीवर १३.२ च्या खाली व्होल्ट दिसले तर आवाज कमी करा. विंच ओढताना सिस्टीम बंदच, विंच पूर्ण भारावर तीन-चारशे ॲम्पियर खाते. कॅम्पवर इंजिन बंद ठेवून वाजवायचं तर मोठ्या आवाजात सरासरी ८-१० ॲम्पियर धरा. ६० ॲम्पियर-तासांच्या चांगल्या बॅटरीवर दोन तासांनंतर सेल्फची परीक्षा नको. १२.२ व्होल्टला ॲम्प्लिफायर बंद करणारा छोटा कटऑफ लावून टाका. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला कायद्याने तसंही बंदी आहे.

पैशांची वाटणी: निम्म्याहून थोडे कमी ॲम्प्लिफायरला, साधारण पाव भाग छताच्या स्पीकर आणि ट्विटरला, उरलेले वायर, फ्यूज, थिंबल, ब्युटाइल आणि रबराला. सब पुढच्या वर्षी. दुकानात उलट होतं: डब्यावर सगळे जातात आणि वायर ‘फुकट’ मिळते, तीच मुलाम्याची.

पहिल्या ट्रिपनंतर, साधारण ५०० किलोमीटरवर, सगळे नट एकदा आवळा. थिंबलवर मार्करने रेघ मारून ठेवली तर सैल पडलेलं लगेच दिसतं. पावसाळ्यानंतर फ्यूज होल्डर उघडून बघा, हिरवट काही दिसलं तर घासून डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा. कोकणातून आल्यावर स्पीकरच्या जाळ्या ओल्या फडक्याने पुसा, आणि वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशर गन छताच्या दिशेने मारू नको म्हणून आधीच सांगून ठेवा.